मदत हवी आहे : कार्ड भिजलं, डीपीटीचा बूस्टर दिलाय की राहिलाय?

नमस्कार मंडळी. लेक यंदा पहिलीला गेली. काल शाळेच्या ग्रुपवर सूचना आली, लसीकरणाचं कार्ड शनिवारपर्यंत दाखवा. आमचं कार्ड गावच्या उपकेंद्रातलं, गेल्या पावसाळ्यात भिजलेलं. गोवर-रुबेलाच्या दोन्ही तारखा वाचता येतात, खालच्या ओळीत मात्र नुसती निळी शाई पसरलीये. पाच ते सहा वर्षांच्या वयात द्यायचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची लस) दुसरा बूस्टर डोस नेमका तिथे. त्याच सुमारास आम्ही गाव सोडून पुण्याला आलो, त्यामुळे काही केल्या आठवत नाही. ती आता साडेसहाची आहे आणि डीपीटी सात वर्षांपर्यंतच देतात. जिवाला घोर लागलाय.

उपकेंद्रातल्या नर्सताईंच्या रजिस्टरवरून नोंदी परत मिळतात का? त्यासाठी गावी जावंच लागतं का? कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

आणखी एक. शासनाच्या निर्णयामुळे २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरतात. पोरीची झोप पुरी होते, ते छानच झालं. पण माझी ड्युटी ८ ला सुरू होते. वारज्यात तेवढा तासभर मुलीला सांभाळून शाळेत सोडणाऱ्या कुणी विश्वासाच्या ताई आहेत का?