मदत हवी आहे: चौथीच्या मुलांना बोधकथा आणि मिथककथेची तुलना कशी शिकवू?

नमस्कार मंडळी,

चौथीच्या वर्गाला मी दोन गोष्टी सांगितल्या: सोन्याची अंडी देणारी कोंबडी, आणि ग्रीक राजा मिडास, ज्याचा हात लागेल ते सोनं व्हायचं. दोन्हीचा विषय हाव. पण तुलना करा म्हटल्यावर सगळ्यांचं एकच उत्तर आलं, "दोन्हीत सोनं आहे."

मला मुलांना त्याच्या पुढे न्यायचंय. बोधकथेतल्या शेतकऱ्याला नाव नाही, गाव नाही. कोंबडी मेली की गोष्ट संपते. मिडासला मात्र सुटका मिळते. घास तोंडात घेताच त्याचं सोनं होतं, तेव्हा तो हा वर देणाऱ्या डायोनायसस देवाची करुणा भाकतो आणि पॅक्टोलस नदीत अंघोळ करून मोकळा होतो. त्या नदीच्या वाळूत पूर्वी सोनं का सापडायचं, याचं उत्तरही त्याच कथेत आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, पण नऊ वर्षांच्या मुलांना तो स्वतःहून कसा सापडेल? (मिडासची मुलगी सोन्याची होते, हा भाग एकोणिसाव्या शतकातला आहे, म्हणून मी तो गाळला.)

एक मुलगी म्हणाली, "बाई, हे भस्मासुरासारखंच की! वर मागितला आणि अंगाशी आला." मला इतका आनंद झाला! पण भस्मासुराची कथा घरी श्रद्धेनं ऐकलेली असते. तिला मिडासच्या शेजारी ठेवताना मुलांना दुखवणार नाही अशी भाषा कोणती वापरावी?

तसंच 'हाव' हा विषय आणि 'हाव करू नये' हे तात्पर्य, यांतला फरक तुम्ही वर्गात कसा समजावता? एखादा खेळ किंवा प्रश्न करून पाहिला असेल तर नक्की सांगा.