घरी बनवलेला फुटरेस्ट खाली झुकतोय, मदत हवी आहे

खडबडीत_वाट:
लवकर उत्तर हवंय. बाईकचे पुढचे दोन्ही फुटरेस्ट मी घरीच बनवले, मूळचे फार अरुंद होते आणि खराब रस्त्यावर उभं राहून चालवताना तळव्यात काठी रुतल्यासारखं व्हायचं. आठ दिवस एकदम मस्त चालले आणि आता उजवा खाली झुकायला लागलाय, टोक सहज १० मिमी खाली गेलंय आणि बूट बाहेरच्या बाजूला घसरतो. वॉशर टाकून काम होईल का? कुठे टाकू? रविवारी लांब जायचंय त्यामुळे प्लीज नवीन बनवा असं सांगू नका. हँड ड्रिल, छोटा ग्राइंडर, व्हाइस, कानशी आणि हॅक्सॉ एवढं आहे माझ्याकडे.

स्पॅनर_चौदा:
कशाचे बनवलेत? स्टील की अॅल्युमिनियम? घडी होणारे आहेत की फिक्स? पिन कुठली टाकलीय? जोड कुठे आहे? हे काहीच लिहिलं नाहीत तर आम्ही काय सांगणार.

मऊ_सीट:
मी तर म्हणतो उघडा धातू वापरूच नका. मी दात असलेले लोखंडी पेग (फुटरेस्ट) लावले होते, तासाभरात पाय बधिर व्हायचे, परत रबरवाले लावले आणि सगळा त्रास गेला. रबर इंजिनची थरथर खातो, धातू सरळ तळव्यात पाठवतो. हँडलच्या टोकाला वजनं लावलीत का? त्यानेसुद्धा खूप फरक पडतो.

खडबडीत_वाट:
थरथरीचा प्रॉब्लेम नाहीये, झुकण्याचा आहे. स्टीलचे आहेत, घडी होतात मूळच्यासारखे. वॉशरचं कोणीतरी सांगा.

गॅरेज_शेजारी:
घडी कशाला हवीय? वेल्डिंगचे दोन टाके मारून फिक्स करून टाका, आयुष्यात झुकणार नाही. मी मागच्या सीटचे असेच केलेत.

कानसबहाद्दर:
@गॅरेज_शेजारी, कृपा करून असं कुणाला सांगू नका. वळणावर गाडी कलली आणि पेग जमिनीला लागला तर घडीचा पेग वर उचलला जातो आणि गाडी निघून जाते. फिक्स असेल तर तोच पेग टेकू होतो, मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि माणूस खाली. गाडी नुसती आडवी पडली तरी सगळा दणका ब्रॅकेटला. मागच्या सीटचे पेग उंच असतात, पुढच्यांची गोष्ट वेगळी.

आता धागाकर्त्यासाठी. वॉशर जिभेच्या (पेगचा आतला भाग, ज्यातून पिन जाते) बाजूला, म्हणजे ब्रॅकेटचे जे दोन कान आहेत त्यांच्या आणि जिभेच्या मधे बसतो. त्याने पेग पुढे-मागे खडखडतोय ते थांबेल, खाली झुकण्याशी त्याचा संबंध नाही. पेग खाली जायला नको म्हणून अडवते ती जिभेची टाच, पिनच्या खालचा सपाट भाग जो कानांच्या मधल्या भिंतीला टेकतो. पिन नुसती बिजागरी असते. ही टाच तुम्ही किती कानसलीत ते सांगा.

खडबडीत_वाट:
हो टाच कानसली होती. पहिल्यांदा लावला तेव्हा टोक वर राहत होतं म्हणून डाव्याच्या लेव्हलला येईपर्यंत कानसत गेलो. डाव्याला कमी लागली. पण आठ दिवस बरोबर होता ना, मग आत्ताच का झुकला?

गणित_आधी:
@कानसबहाद्दर, टाचेचं बरोबर आहे पण पिन नुसती बिजागरी नसते. साधा तरफेचा हिशोब आहे. ८० किलोचा माणूस पिनपासून १०० मिमीवर एका पायावर उभा राहिला आणि टाच पिनच्या १२ मिमी खाली असली तर ८० गुणिले १०० भागिले १२, म्हणजे टाचेवर साडेसहाशे किलोच्या वर दाब. आणि टाच जेवढ्या जोराने आत दाबली जाते तेवढ्याच जोराने पिन बाहेर ओढली जाते. हे नुसतं उभं राहिल्यावर, खड्ड्यात आदळलात की तिप्पट धरा. त्यामुळे पिन कोणती आणि भोक कसं हे टाचेइतकंच महत्त्वाचं.

बार किती मिमीचा आहे? आणि भरीव आहे की पाईप?

कानसबहाद्दर:
मान्य, पिन ओढली जाते, माझं वाक्य चुकलं. पण झुकण्याचं मूळ मला अजूनही टाचेतच दिसतंय. टाचेचा १ मिमी म्हणजे १२० मिमी लांबच्या टोकाला १० मिमी, दहापट. म्हणजे यांची टाच किंवा भिंत कुठेतरी १ मिमीने दबलीय किंवा भोक तेवढं वाढलंय.

हलकी_गाडी:
स्टीलमध्ये पडायचंच नव्हतं. ६०६१ टी६ अॅल्युमिनियमचा ठोकळा घ्यायचा, हॅक्सॉने कापायचा, कानशीने आकार द्यायचा, जोडच नाही तर तुटणार काय? वजन स्टीलच्या एक तृतीयांश आणि गंज नाही. मी दोन जोड्या बनवल्यात. कानस भरून येते म्हणून आधी तिच्यावर खडू घासायचा, मग कण अडकत नाहीत.

कानसबहाद्दर:
ठोकळ्यातून काढलात ते उत्तम. पण अॅल्युमिनियमला स्टीलसारखी थकव्याची खालची मर्यादा (जिच्या खालचे दणके कितीही बसले तरी भेग पडत नाही) नसते, छोटे छोटे दणकेसुद्धा साठत जातात आणि आतला कोपरा काटकोनात तीक्ष्ण ठेवला असेल तर भेग तिथूनच सुरू होते. तिथे गोल कानशीने गोलाई दिली पाहिजे. आणि वाचणाऱ्यांनो, अॅल्युमिनियम बेंच ग्राइंडरच्या साध्या दगडावर धरू नका, दगडाची छिद्रं भरतात, तो तापतो आणि फुटू शकतो.

हलकी_गाडी:
गोलाई दिलीय मी, ५ मिमीची. स्टीललाही तीक्ष्ण कोपरा चालत नाहीच, उगाच अॅल्युमिनियमला बदनाम करू नका.

खडबडीत_वाट:
अहो माझा पेग राहिला बाजूला. भरीव एमएस (साधं माइल्ड स्टील) बार २० मिमी व्यासाचा, त्यावर पाय ठेवायला दातांची पट्टी, आणि आत १६ मिमी जाडीची जीभ वेल्ड केलीय. वेल्डिंग मित्राने केलं, चांगलं करतो तो. ब्रॅकेट गाडीचीच, अॅल्युमिनियमची ओतीव. पिन म्हणून ८ मिमीचा बोल्ट टाकलाय कारण मूळची पिन ठोकून काढताना तिचं डोकं वाकडं झालं. टाचेवर एक गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर असलेला) वॉशर वेल्ड करून जाडी वाढवली तर?

स्पॅनर_चौदा:
बोल्टला पूर्ण लांबीला आटे आहेत की मधे गुळगुळीत दांडा आहे?

खडबडीत_वाट:
पूर्ण आटे. घट्ट बसला होता, का?

स्पॅनर_चौदा:
हे आधी सांगायचं ना दादा. आट्यांचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या कानात म्हणजे कानशीसारखं काम करतो, प्रत्येक दणक्याला भोक थोडं खातो. शिवाय आट्याच्या तळाला ८ चा बोल्ट ८ चा राहत नाही, साडेसहाच्या आसपासच उरतो. पिन नेहमी गुळगुळीत दांड्याची हवी आणि आटे कानाच्या बाहेर. बोल्टच वापरायचा असेल तर अर्धे आटेवाला ८.८ ग्रेडचा (जास्त मजबूत स्टीलचा) लांब घ्या, दांडा दोन्ही कानांतून आरपार जाईल एवढा, आणि उरलेले आटे कापा. लॉकनट लावा, पण कान आवळले जातील इतकं कसू नका.

वॉशर टाचेवर वेल्ड करू नका. जस्त जळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलंय. साधा वॉशरही नको, पातळ तुकडा कडेनेच चिकटतो आणि मधे पोकळ राहतो, साडेसहाशे किलोखाली तो चेपणार. टाचेवर वेल्डिंगचीच भर घाला आणि कानसून काढा.

गणित_आधी:
२० चा बार कमी आहे. ८० किलो, तिप्पट दणका, १०० मिमी अंतर धरलं तर साधारण २३५ न्यूटन मीटर. २० मिमीच्या भरीव बारमध्ये त्याचा ताण ३०० मेगापास्कलच्या आसपास जातो आणि साधं एमएस २५० च्या आसपास वाकायला लागतं. २५ मिमीचा घेतला असता तर तोच ताण १५० वर आला असता, कारण ताकद व्यासाच्या घनाने वाढते. तुमचा बारच वाकलाय का ते बघा, स्टीलची पट्टी लांबीला लावून.

मऊ_सीट:
उभं राहून चालवताच कशाला पण? बसून चालवा, गुडघे पण वाचतील. मला गुडघ्याचा त्रास होता, सीट थोडी उंच केली आणि गेला.

कानसबहाद्दर:
खडबडीत_वाट, अंदाज बास झाले, आता एक काम करा. टाच स्वच्छ पुसा, तिच्यावर काळा मार्कर फासा, वाळू द्या, पेग लावून गाडी स्टँडवर असताना कुणालातरी धरायला सांगून पेगवर चारपाच वेळा नीट वजन द्या, मग काढून बघा शाई कुठे गेलीय. पूर्ण तोंडावरून गेली असेल तर टाच बरोबर टेकतेय. एका कोपऱ्यातून गेली असेल तर आठ दिवसांनीच का झुकला त्याचं उत्तर मिळेल. आणि पिन काढून भोक आडवं-उभं मोजा.

खडबडीत_वाट:
आत्ताच केलं. बारला पट्टी लावली, सरळ आहे. टाचेची सगळी शाई जशीच्या तशी, फक्त मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढी जागा चकचकीत झालीय आणि तिथली कड बोटाला दबलेली लागते. ब्रॅकेटच्या भिंतीवर त्याच जागी खळगा पडलाय. भोकात बॅटरी मारून बघितलं तर आट्यांच्या बारीक रेघा उमटल्यात, आडवं ८.५ आणि उभं ८.१ भरतं. म्हणजे दोन्ही झालंय. वेल्डिंगनंतर जीभ थोडी पिळली गेली असणार, मी वरून लेव्हल बघत कानसलं पण गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावलाच नव्हता.

कानसबहाद्दर:
बरोबर. सगळा भार त्या एवढ्याशा कोपऱ्यावर आला, तो दबला, खाली अॅल्युमिनियम मऊ म्हणून तेही दबलं, आणि जसजसा दबत गेला तसतसं टोक खाली आलं. वॉशर टाकून हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला झालं असतं.

आता क्रम असा. आधी भोक, कारण भोक बदललं की टाच परत बदलते. कान किती रुंद आहेत?

खडबडीत_वाट:
३० मिमी. भोक मधोमध.

कानसबहाद्दर:
मग १० ची पिन बसेल, दोन्ही बाजूंना १० मिमी धातू उरतोय, भोकाएवढा तरी हवाच. दोन्ही कानांच्या मधे कठीण लाकडाचा ठोकळा घट्ट ठोकून बसवा, नाहीतर पहिला कान पार झाल्यावर बिट भरकटतो. मग ९, मग ९.८ चा बिट, शेवटी १० चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) हाताने. रीमर नसेल तर कुणाकडून तरी आणा, हँड ड्रिलमध्ये १० चा बिट घातलात तर भोक १०.२-१०.३ चं होईल आणि परत ढिलं. अॅल्युमिनियमला थोडं रॉकेल लावत चला. जिभेचं भोकसुद्धा १० चं करा, व्हाइसमध्ये धरून गुण्याने दोन बाजूंनी बघत.

मग टाचेवर वेल्डिंगची भर घाला, २ मिमी जास्तच. पेग गाडीवरून काढून वेल्ड करा, गाडीवर नको. पिन घालून लावा, टोक बरंच वर दिसेल. शाई, वजन, काढा, जिथली शाई गेली तेवढंच कानसा, परत शाई. पंधरावीस वेळा करावं लागेल. शेवटी टोक लेव्हलच्या ४-५ मिमी वर ठेवा, नवीन टाच थोडी बसतेच. आणि दरवेळी पेग पूर्ण वर घडी होतोय ना बघा, भर जास्त झाली तर अडतो.

हलकी_गाडी:
रुंद पेगमुळे ब्रेक लिव्हर पायाखाली नीट येतो का तेही बघा. बूट लिव्हरवर नुसता टेकून राहिला तरी मागचा ब्रेक घासत राहतो आणि ब्रेक लाईट कायम पेटलेला.

खडबडीत_वाट:
धन्यवाद सगळ्यांना. उजवा झाला. तीन तास लागले, सोळा वेळा शाई लावली, शेवटच्या वेळी पूर्ण तोंडावरून एकसारखी गेली. टोक ४ मिमी वर आहे, काल साठेक किलोमीटर चालवून आलो आणि आज मोजलं तर साडेतीन. घडी होते. पिन गुळगुळीत दांड्याची टाकलीय, बाहेर स्प्लिट पिन. ब्रेक लिव्हर २ दाते खाली घेतला.

गणित_आधी:
छान. आता डाव्याचाही बोल्ट काढून बघा. आणि दोन्हींच्या वेल्डिंगच्या कोपऱ्यात रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. भेग असेल तर आतलं रॉकेल खडूत पाझरून रेघ दिसते. २० च्या बारवर मला अजूनही भरवसा नाही.

खडबडीत_वाट:
केलं. उजव्याला काही नाही. डाव्याला जीभ आणि बार जुळतात तिथे वरच्या बाजूला केसाएवढी ओली रेघ आली, ८ मिमी लांब. दोनदा पुसून परत केलं, परत तिथेच. डाव्या पायावर जोर देऊन गाडीवर चढतो मी रोज. डावा काढून ठेवलाय, त्या बाजूला मूळचा अरुंद लावला, त्याचं भोक ८ चंच होतं म्हणून बसला. रविवारी असाच जातो आणि उजव्यावरही जास्त उभा राहणार नाही. आल्यावर २५ च्या बारमध्ये दोन्ही परत करायला घेतो.

कानसबहाद्दर:
जिभेला बारमध्ये खाच करून आत बसवा आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड मारा, नुसतं टोकाला टोक जोडू नका. आणि करायच्या आधी मापं इथे टाका.