पावसाळ्यातला कुबट वास आणि वाळा

बी-२०३: नमस्कार सोसायटीकरांनो. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. कपाट उघडलं की कुबट वास येतो. परवा डिफ्यूझर (पाण्यात सुगंधी तेल टाकून खोलीभर वास पसरवायचं यंत्र) आणला, लॅव्हेंडरचं तेल टाकलं, तर आता दोन्ही वास येतात. कुणी सांगेल का काय करावं?

ए-१०४: वहिनी, आधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. मागं बुरशी असणार, ती पुसून पंखा लावा. जुलैत आपल्या कोल्हापुरात धुणं आठवडाभर वाळत नाही, तिथं भिंत कशी वाळणार? ओल आहे तोवर तेलानं वास जायचा नाही.

बी-२०३: ओढते काकू. पण नंतर कुठलं तेल घालू?

ए-१०४: एकच घालू नका. संत्र्याचं तेल लगेच नाकाला लागतं आणि तेवढ्याच लवकर उडून जातं. लॅव्हेंडर जरा टिकतं. वाळा मात्र सगळ्यात सावकाश उडतो आणि बाकीच्यांनाही धरून ठेवतो. मी वाळ्याशिवाय मिश्रण करतच नाही. माझं प्रमाण असं: संत्रं १० थेंब, लॅव्हेंडर ४, गवती चहा ४, वाळा २. झाले २०, म्हणजे साधारण १ मिली. गवती चहा हात राखून घाला, जास्त झाला की दुसरं काही कळूच देत नाही. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत दोन दिवस मुरू द्या. मग डिफ्यूझरच्या १०० मिली पाण्याला ३-४ थेंब पुरे.

सी-३०१: काकू, बाळाला सर्दी आहे. यात निलगिरी घातलं तर?

ए-१०४: नको गं! पाच महिन्यांचं लेकरू आहे. निलगिरी आणि कापूर दोन्ही त्याच्यापासून लांब ठेव, श्वासाला त्रास होतो. त्याच्या खोलीत डिफ्यूझरच नको. सर्दी डॉक्टरांना दाखव.

बी-४०२: आमच्याकडं मांजर आहे.

ए-१०४: मग तुम्हीही लावू नका. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचत नाहीत. टी ट्रीचं तेल तर घरात आणूच नका.

ए-३०२: मी स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि तेल घातलं, सोफ्यावर डाग पडले.

ए-१०४: दादा, तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. नुसतं हलवून भागत नाही. सोफ्यावर मारूच नका.

बी-२०३: वाळ्याचं तेल फार महाग आहे हो काकू.

ए-१०४: कपाटाला तेल कशाला? माठात टाकतो त्याच वाळ्याची जुडी काष्ठौषधीच्या दुकानातून आणा, सुती पुरचुंडीत बांधून कपड्यांत ठेवा. फक्त कोरडी हवी, नाहीतर तिलाच बुरशी धरते. माझ्याकडं एक जुडी जादा आहे. उद्या सकाळी कपाट ओढायला ह्यांना वर पाठवते, त्यांच्याबरोबरच देते.