विहिरीच्या पाण्याचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत द्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या शेतातील विहीर औद्योगिक वसाहतीच्या नाल्यालगत असून गेल्या पावसाळ्यानंतर पाण्याला पिवळसर रंग आणि उग्र वास येऊ लागला आहे. एका खासगी प्रयोगशाळेकडून अहवाल घेतला. परंतु नमुना मी स्वतः शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेला होता (ती चूक माझीच), त्यामुळे संबंधित कार्यालयाने तो ग्राह्य धरला नाही.

माझ्या वाचनानुसार, 1974 च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच विहित पद्धतीने घेऊन मोहोरबंद केला, तरच त्याचे विश्लेषण न्यायालयात पुरावा ठरते. जड धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते, तर जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीसाठीचा (बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय प्रदूषण मोजणारी चाचणी) नमुना आम्ल न घालता, बर्फात ठेवून शक्यतो 24 तासांच्या आत पोहोचवावा लागतो. म्हणजे एका बाटलीत भागणारे हे काम नव्हे.

नाल्यातील सांडपाण्याचा नमुना मंडळाने घ्यावा यासाठी त्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे करायच्या अर्जात नेमके काय नमूद करावे? विहिरीच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेचा अहवाल पुरेसा ठरतो का, की नागपूरच्या ‘नीरी’सारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्थेकडे जावे? क्रोमियम आणि शिसे यांची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते का? ही प्रक्रिया प्रत्यक्ष पार पाडलेल्या, विशेषतः प्रयोगशाळेत काम केलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.