गच्चीवरचं सोलर आणि गॅसची लाइन: स्वतःच करायला काय हरकत आहे?

गच्चीवरचा
3 किलोवॉटच्या ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या, सोलरचं कोटेशन हातात आहे. पॅनेल, इन्व्हर्टर, वायर सगळं बाजारात सुटं मिळतं. स्ट्रक्चर आमच्या गल्लीतला फॅब्रिकेटर बनवतो. शेजाऱ्यांकडे व्हेंडरची दोन पोरं आली आणि दोन दिवसांत बसवून गेली. अर्थिंगचा खड्डा किती खोल घ्यायचा, हे ती शेजाऱ्यांनाच विचारत होती! मग मी का करू नये? त्याच झपाट्यात सिलिंडर बाल्कनीत काढून ओट्यापर्यंत तांब्याची लाइनही टाकावी म्हणतो. साधा वॉशर बदलायलाही माणूस बोलावतो आपण हल्ली.

ओम_व्होल्ट
आधी पैशाचं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण नोंदणीकृत व्हेंडर आणि देशी सेलची पॅनेल असतील तरच. स्वतः बसवलंत की ते गेलं. नेट मीटरचं, म्हणजे लाइनला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचं, घोडंही अडेल.

आता जिवाचं. 540 वॉटच्या एका पॅनेलच्या उघड्या टोकांना 49-50 व्होल्ट असतात. सहा पॅनेल सिरीजमध्ये जोडली की 300 च्या आसपास, आणि तेही डीसी. घरातला एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत ती ताणली जाते, जळत राहते. म्हणून घरातला साधा एमसीबी तिथे चालत नाही. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेल बंद करायला बटण नसतं.

गच्चीवरचा
हे सगळं शिकता येतं की, ओमराव. पॅनेलची लाइन तोडायचा स्विच, म्हणजे डीसी आयसोलेटर मिळतो, पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-4 कनेक्टर दाबायचं क्रिम्पिंग टूल मिळतं. त्या पोरांनी कनेक्टर पकडीने दाबले होते. मी निदान योग्य हत्यार वापरीन.

ओम_व्होल्ट
पकडीने दाबलेला कनेक्टर पुढे कधी तरी तापून वितळतो, हे खरंच. पण त्यावरून तुम्ही बरोबर ठरत नाही, तो व्हेंडर वाईट ठरतो. आणि वायरमनचा विचार केलात का? लाइट गेले की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद पडायलाच हवा. लोक इथे 'जरा' जुगाड करतात, बॅकअपची वायर मेन बोर्डात घुसवतात, मग घरातली वीज उलटी लाइनमध्ये जाते. खांबावर चढलेला माणूस लाइन बंद आहे असंच समजत असतो.

बांधावरून
शहरातले लोक सगळ्याला एकाच तराजूत घालतात. आमच्याकडे कुंपणाच्या झटका मशीनचं पॅनेल, गोठ्यातले 12 व्होल्टचे दिवे, सगळं शेतकरी स्वतः जोडतो. तिथे कशाला हवा कंत्राटदार? फक्त बॅटरीच्या टोकाशी फ्यूज लावा. व्होल्ट 12 असले तरी शॉर्ट झाल्यावर वायर लालभडक होते. मेन लाइनला जोडणार असाल तर मात्र मीही ओमरावांच्या बाजूचा.

निळी_ज्योत
सगळे सोलरवरच भांडताय, गॅसचं कुणी बोलेना. वीस वर्षं फिटिंगची कामं केली म्हणून लिहितो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली बसतो आणि मोरीच्या नाळीत, ओट्याखालच्या कपाटात साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणजे झरोका कुठे ठेवायचा, हेही गॅसवर ठरतं. फ्लेअर जॉइंटला, म्हणजे तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून केलेल्या जोडाला, टेप गुंडाळणारे 'हुशार' खूप पाहिलेत. तिथे तांब्याचं तोंडच नीट बसावं लागतं. भिंतीत गाडलेला जॉइंट तर नकोच नको. आणि पाइपच्या गॅसचं कनेक्शन असेल तर कंपनीच्या माणसाशिवाय त्या लाइनला हात लावायचा नाही, इंचभर सरकवायची असली तरी.

गच्चीवरचा
आणि लाइन गळत नाही हे तुम्ही कसं ठरवता? साबणाच्या पाण्याने ना? ते मलाही येतं.

निळी_ज्योत
साबणाचं पाणी नंतर. आधी लाइनमध्ये हवा भरून गेज लावायचा, सगळ्या चाव्या बंद ठेवायच्या आणि काटा उतरतो का बघत बसायचं. तुमच्याकडे गेज आहे का, दादा?

गच्चीवरचा
नाही. बरं, गॅस तुमच्याकडून करून घेऊ. सोलरचं अजून पटलेलं नाही. चाचणीचे आकडे, म्हणजे सिरीजमधल्या पॅनेलच्या माळेचे (स्ट्रिंगचे) व्होल्ट, अर्थिंगचा रोध, वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरचं रीडिंग, लेखी देणार का असं व्हेंडरला उद्या विचारतो. नाही म्हणाला तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, ते ओमरावांनी सांगावं.

ओम_व्होल्ट
नाही म्हणाला तर दुसरा व्हेंडर बघा. यादीत एकटा तोच नाही.