मदत हवी आहे: एक्सएलए (अँटिबॉडी न बनण्याचा, एक्स गुणसूत्रावरून येणारा जन्मजात आजार) असलेल्या १४ महिन्यांच्या मुलाला डेंग्यू, माकडताप, पोलिओ डोस यांचा धोका किती?

नमस्कार. भाच्याबद्दल विचारायचं आहे. राहणार वाळपईजवळ. वजन १० किलो. उपचारापूर्वी रक्तातल्या अँटिबॉडींपैकी आयजीजी ९० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, आयजीए-आयजीएम जवळजवळ नाहीच. फ्लो सायटोमेट्रीत सीडी१९ बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) १ टक्क्याहून कमी, टी पेशी नॉर्मल. बीटीके जनुकात दोष सापडला. आयव्हीआयजी (दात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून) ५ ग्रॅम दर चार आठवड्यांनी, दोन डोस झाले.
विषाणूंचे सगळेच आजार त्याला जड जातील का? पावसात इथे डेंग्यू असतो, काजूच्या दिवसांत सत्तरीत माकडताप. पल्स पोलिओला काय करायचं? धाकट्या बहिणीचा मुलगाही दोन महिन्यांचा आहे, त्याची कोणती तपासणी करावी?

प्रतिसाद १
सगळेच जड जात नाहीत. विषाणू पेशीत शिरला की त्याला आवरण्याचं काम मुख्यतः इंटरफेरॉन (पेशी सोडतात ते विषाणूरोधी प्रथिन) आणि टी पेशींचं, आणि भाच्याची ती बाजू शाबूत आहे. म्हणून फ्लू, कांजिण्या ही मुलं बहुधा इतरांसारखीच निभावतात. त्याऐवजी इंटरफेरॉनशी निगडित टीएलआर३ या जनुकाचा दोष असता तर हर्पीसने मेंदूला सूज येण्याची भीती होती. आयएफएनएआर१ या तशाच जनुकाचा असता तर गोवराची जिवंत लससुद्धा जिवावर बेतू शकली असती. नुसतं ‘प्रतिकारशक्ती कमी’ असं कुणी फाइलवर लिहू नये, दोषाचं नाव लिहून घ्या.

मोठा अपवाद एंटरोव्हायरसचा. हँड फूट माउथ, पोलिओ हे त्याच कुळातले. त्यांना रक्तातच अडवायला अँटिबॉडी लागतात. त्या नसल्या तर विषाणू मेंदूत शिरून महिनोन्‌महिने ठाण मांडतो. ताप नसतानाही चाल अडखळणं, शिकलेले शब्द विसरणं, ऐकू कमी येणं, झटके, यातलं काहीही दिसलं तर मणक्यातल्या पाण्याची एंटरोव्हायरस पीसीआर मागा. तिथली कल्चर निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

डोस ठीक आहे, किलोमागे अर्धा ग्रॅम झाला. तीन-चार डोस झाल्यावर पुढच्या डोसच्या अगदी आधी आयजीजी मोजा. ७०० ते ८००च्या वर हवी. खाली राहिली तर डोस वाढवायचा किंवा अंतर तीन आठवड्यांवर आणायचं, हे डॉक्टर ठरवतील.

प्रतिसाद २
तपासण्यांबद्दल नीट सांगते, कारण इथेच फसगत होते. भाचा स्वतः अँटिबॉडी बनवत नाही, त्यामुळे डेंग्यू असूनही आयजीएम निगेटिव्ह येईल. उलट आयव्हीआयजीत हजारो दात्यांच्या अँटिबॉडी असतात, त्यामुळे डेंग्यू नसतानाही आयजीजी पॉझिटिव्ह येऊ शकते. हिपॅटायटिस बीची अँटी-एचबीसीही तशीच फसवते. डेंग्यूला पहिल्या पाच दिवसांत एनएस१ अँटिजेन किंवा पीसीआर, माकडतापाला आरटी-पीसीआर. ‘अँटिबॉडी चाचणीवर भिस्त नको’ असं पत्र तज्ज्ञांकडून घेऊन फाइलच्या पहिल्या पानाला लावा. रात्री तातडीने आझिलो किंवा गोमेकॉ रुग्णालयात न्यावं लागलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरला तेच पहिलं दिसलं पाहिजे.

तापाला पॅरासिटामॉलच, या वजनाला एका वेळी १५० मिग्रॅ, दोन डोसांत सहा तास. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एक्सएलएत तापामागे जिवाणूही तितकाच असू शकतो, तेव्हा ब्लड कल्चर काढल्याशिवाय ‘व्हायरल आहे’ हे मान्य करू नका.

काजूच्या बागेतून आलेल्यांनी आंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाला घ्यावं. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडी कपड्यांतून घरात येतात.

विचारणारे
धन्यवाद ताई. पोलिओचं आणि धाकट्या बाळाचं राहिलं.

प्रतिसाद १
तोंडातून पोलिओ डोस भाच्याला कधीच नको. त्यात जिवंत विषाणू असतो. आतड्यात दीर्घकाळ वाढता वाढता तो पुन्हा लकवा आणण्याइतका बदलू शकतो. पल्स पोलिओच्या आधीच आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला पत्र दाखवा. घरातल्या इतर मुलांनाही फक्त इंजेक्शनची आयपीव्ही. शेजारच्या बाळाने थेंब घेतले असतील तर पाच-सहा आठवडे त्याचे लंगोट हाताळणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय भाच्याला भरवू नये.

दोन महिन्यांच्या बाळाची आयजीजी मोजून उपयोग नाही. ती आईकडून आलेली असते, सहा महिन्यांपर्यंत आकडा दिलासा देत राहतो. सीडी१९ बी पेशी मोजा. दोष मोठ्या बहिणीत, म्हणजे भाच्याच्या आईत, आहे का, तेही तपासून घ्या. तो भाच्यात नव्यानेही उद्भवलेला असू शकतो. आजीकडून आला असेल तर धाकटी वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि ती वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी. रिपोर्ट येईपर्यंत तोंडी पोलिओ आणि रोटाव्हायरस दोन्ही थांबवा, आयपीव्ही चालू ठेवा.

नमुना मुंबईला, उदाहरणार्थ परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या संस्थेत, पाठवायचा असेल तर आधी फोन करा. ईडीटीए ट्यूब, खोलीच्या तापमानात, बर्फात अजिबात नाही, २४ तासांत पोचेल असा. शुक्रवारी पाठवू नका, शनिवार-रविवारी अडकला की पेशी मरतात आणि पुन्हा सुई टोचावी लागते.