मदत हवी आहे: मुलीच्या जबड्याच्या सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घ्यावं का? (नागपूर)

नमस्कार मंडळी, पोरगी ९ वर्षांची आहे, जेआयए म्हणजे लहान मुलांचा संधिवात आहे तिला. आता उजव्या जबड्याच्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं म्हणून राहिले आणि मला काहीच समजून नाही राहिलं. ज्यांच्या लेकरांना हे दिलंय त्यांनी प्लीज लिहा.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. तेव्हा गुडघ्यात स्टेरॉईड दिलं, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं औषध) चालू आहे, गुडघा आता एकदम छान. जबडा दुखते असं ती कधी म्हणालीच नाही, आणि डॉक्टर म्हणतात की या सांध्याचं असंच असते, सूज असली तरी बरीच मुलं दुखतं म्हणून सांगत नाहीत. मला दिसलं ते एवढंच की जांभई देताना हनुवटी उजवीकडे सरकते आणि भाकरीचा कडक काठ ती ताटात बाजूला काढून ठेवते. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला पाहिजेत, तिची दोनच जातात, तीही कशीबशी. मग धंतोलीत दाखवलं, कॉन्ट्रास्ट (सूज नीट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय झाला, त्यात सूज आहे आणि हाडही थोडं झिजलंय.

सर्जन म्हणतात इंजेक्शन द्या, सूज लवकर उतरेल, तोंड उघडेल. संधिवाताच्या मॅडम म्हणतात आधी औषध वाढवू, अडॅलिमुमॅब नावाचं बायोलॉजिक (सूज आणणाऱ्या प्रथिनाला अडवणारं औषध) सुरू करू, वाढत्या वयात या सांध्यात स्टेरॉईड शक्यतो टाळायचं. कारण खालचा जबडा जिथून वाढतो तो भाग सांध्याच्या अगदी पृष्ठभागालगत असतो, म्हणजे सूज तशीच राहिली तरी वाढ खुंटून चेहरा एका बाजूला वाकडा होऊ शकतो आणि स्टेरॉईडनेही वाढीवर परिणाम होण्याची भीती, शिवाय काही मुलांमध्ये सांध्यात नको तिथे हाड तयार झालेलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्येही इंजेक्शनला सरसकट नाही म्हटलेलं नाही, पण हाडांची वाढ बाकी असलेल्या मुलांमध्ये जपून वापरा असं आहे. घरचे म्हणतात गुडघ्यात दिलं तेव्हा काही झालं नाही, मग आता काय? पण गुडघ्याचा हिशोब जबड्याला लावायला माझं मन धजत नाही.

बायोलॉजिकवर थांबलात तर किती वाट पाहिली? कोणी स्टेरॉईडशिवाय नुसता सांधा धुवून घेतलाय का? आणि इथल्या सरकारी मेडिकलच्या डेंटल कॉलेजमध्ये अशा मुलांसाठी स्प्लिंट (दातांवर बसवायचा साचा) बनवून घेतलंय का कोणी?

प्रतिसाद १:
ताई, माझ्या मुलाला दिलं होतं, पूर्ण भूल देऊन. तोंड चांगलं उघडायला लागलं, पण परत सूज आली तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्यांदा द्यायला साफ नकार दिला आणि बायोलॉजिक सुरू केलं. ते सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात, ती आताच करून ठेवा म्हणजे वेळ जाणार नाही. आणि कंपासमधली पट्टी घेऊन वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर दर महिन्याला मिलिमीटरमध्ये लिहा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (डोळ्याच्या आतली सूज बघायची) चालू आहे ना? डोळ्यातली सूजही न दुखता येते.

धागाकर्ती:
खूप आभार ताई. डोळे दर ३ महिन्यांनी दाखवतो. सर्जन आणि मॅडम दोघांनी एकत्र बसून एमआरआय पाहावा असं सांगणार आहे, तोवर इंजेक्शनची तारीख घेत नाही. तुमच्या मुलाची हनुवटी नंतर सरळ झाली का, की ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरकडे) जावं लागलं?